लाईनवरचं आजारपण

तेरखेडा हे नाव मराठवाड्यात फटाक्यांमुळे माहीत आहे. दिवाळीआधी आसपासच्या जिल्ह्यांतले विक्रेते इथल्या कारखान्यांकडे वळतात, आणि एखाद्या कारखान्यात स्फोट झाला की वर्तमानपत्रात गावाचं नाव पुन्हा दिसतं. वाशी तालुक्यातल्या या गावाजवळून जो हमरस्ता जातो, त्याची मात्र कुणी वेगळी दखल घेत नाही. जुनी माणसं त्याला अजून सोलापूर-धुळे रोडच म्हणतात. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता. आता तो राष्ट्रीय महामार्ग ५२ झाला आहे आणि पंजाबातल्या संगरूरहून निघून हिसार, जयपूर, कोटा, इंदूर, धुळे, बीड असं करत सोलापूर, विजयपूर, हुबळीमार्गे कर्नाटकच्या किनाऱ्यावर अंकोल्याला पोचतो. चौपदरी झाल्यापासून गाड्या इथे पूर्वीइतक्या थांबत नाहीत. थांबल्याच तर सरमकुंडी फाट्यावर पेढा घ्यायला, नाहीतर पारगावच्या टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे तासभर पाठ टेकायला.

त्या पाठ टेकलेल्या माणसाला ताप असेल, शुगर असेल, सहा महिन्यांची टीबीची औषधं चालू असतील, तर तो काय करतो? बहुतेक वेळा गाडी चालवतो. यावर आपण चटकन म्हणतो की ड्रायव्हर लोकांना तब्येतीची पर्वा नसते. हे मला पटत नाही. आपल्याकडे उपचारांची सगळी घडी रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसाला धरून बसवलेली आहे, आणि लाईनवरचा ड्रायव्हर पंधरा-पंधरा दिवस परतत नाही. अडचणीची सुरुवात इथे होते.

समजा, या भागातल्या पंचेचाळिशीच्या एका ड्रायव्हरला शुगर निघाली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराईडची गोळी सकाळी नाश्त्याआधी घ्यायला सांगितली आणि महिन्याने बोलावलं. लातूरला तूरडाळ भरून तो जयपूरला निघाला. बाराशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. उन्हाच्या दिवसांत टायर तापतात, शहरांत दिवसा जड वाहनांना बंदी असते, म्हणून गाडी रात्री पळते आणि ड्रायव्हर सकाळी झोपतो. आता त्याची ‘सकाळ’ कुठली? गोळी घेतली आणि ढाबा पुढच्या गावी आहे म्हणत दोन तास गेले, किंवा गोदामावर नंबर लागला नाही म्हणून रांगेत गाडी सोडून जेवायला जाता आलं नाही, तर रक्तातली साखर खाली घसरते. या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही याची त्यांना फिकीर नसते. मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर सहसा असं होत नाही. दोन्ही गोळ्या मधुमेहाच्याच, पण स्टेअरिंगवरच्या माणसासाठी त्यांच्यात फार मोठा फरक आहे. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य ‘मी लाईनवर गाडी चालवतो, जेवणाचा टाईम नसतो’ हेच असायला हवं. ते ऐकून औषध बदलणारे डॉक्टर असतात. न सांगता कळणारे कमी.

शुगर खाली गेल्याची लक्षणं दारू चढल्यासारखी दिसतात. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, गाडी लेन सोडायला लागते. नाक्यावरच्या पोलिसाचा गैरसमज व्हावा असंच सगळं, आणि त्या अवस्थेत ड्रायव्हरला स्वतःची बाजूही धड मांडता येत नाही. पहिली खूण जाणवली की गाडी कडेला घेऊन साखर, ग्लुकोजची पुडी किंवा गोड सरबत घ्यायचं. बिस्किट चालतं, पण ते हळू काम करतं. पेढा हा या कामाचा नव्हे. खव्यातल्या तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. (सरमकुंडीवाल्यांनी रागावू नये.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे बरं वाटलं म्हणून लगेच गिअर टाकायचा नाही. साखर वर आली तरी मेंदूला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. ब्रिटनमधला नियम असा की साखर पूर्ववत झाल्यावर आणखी ४५ मिनिटं थांबायचं, आणि इन्शुलिनवर असलेल्याने ती ९० मिलिग्रॅमच्या वर असल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही. तिथे ट्रक चालवणाऱ्या अशा माणसाने गाडी सुरू करायच्या आधी आणि नंतर दर दोन तासांनी साखर मोजून मशिनमध्ये नोंद ठेवायची असते. अमेरिकेत इन्शुलिन घेणाऱ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रक नेण्याची मुळात बंदी होती. पुढे खास परवानगीची वाट निघाली आणि २०१८ मध्ये, तीन महिन्यांच्या नोंदी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला असेल तर परवाना द्यायचा, असा नियमच झाला. आज हे दोन्ही देश अशा ड्रायव्हरला कामावरून काढत नाहीत, मोजमाप करायला लावतात. मोजण्यासाठी त्याला वेळ मिळेल, याची सोय मात्र आधी केली.

आपल्याकडे काय आहे? लायसन्ससाठी भरायच्या नमुना १ मध्ये ड्रायव्हर स्वतःच लिहून देतो की मला फेफरं किंवा एकाएकी चक्कर येत नाही, प्रत्येक डोळ्याने २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते, लाल-हिरवा कळतो, रातांधळेपणा नाही. व्यवसायाच्या गाडीसाठी डॉक्टरांचा नमुना १-अ लागतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून हे लायसन्स पाच वर्षांचं झालं, पूर्वी तीन वर्षांचं होतं. म्हणजे तपासणीची सक्ती पाच वर्षांतून एकदा, आणि तीही आरटीओच्या आसपास किती मिनिटांत उरकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. रक्तातली साखर त्यात कुणी मोजत नाही. दुसऱ्या टोकाला मोटार वाहन कायद्याचं कलम १८६ आहे. गाडी चालवण्यास शारीरिक वा मानसिकदृष्ट्या असमर्थ असल्याचं माहीत असूनही चालवली तर पहिल्यांदा १००० रुपये दंड, पुन्हा सापडला तर २०००. आजार सांगितला तर काम जातं आणि लपवला तर दंड, त्यामुळे लपवण्याकडेच कल असणार.

इन्शुलिनचं आणखी एक दुखणं म्हणजे उष्णता. मे महिन्यात बंद करून उन्हात उभ्या केलेल्या केबिनमधलं तापमान पन्नाशी सहज ओलांडतं, आणि औषध तर डॅशबोर्डवर, काचेच्या अगदी खाली ठेवलेलं असतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली साधारण महिनाभर खोलीच्या तापमानात टिकते. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानांवर जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी केलेलं काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. २५ ते ३७ अंशांमध्ये खालीवर होणाऱ्या उष्णतेतही चार आठवड्यांत इन्शुलिनची ताकद टिकून राहते, असं त्यात दिसलं. आपली केबिन ३७ वर थांबत नाही, म्हणून पाण्याच्या बाटलीला गुंडाळतो तसं ओलं फडकं, छोटं मडकं किंवा बर्फ न घातलेला थर्मास हे उपाय सीटखालच्या सावलीत कामाचे ठरतात. ढाब्यावरच्या बर्फात मात्र बाटली ठेवू नये. एकदा गोठलेलं इन्शुलिन नासतं आणि वरून पाहिल्यावर ते नेहमी ओळखू येतंच असं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिनची सक्ती आली, ही चांगली गोष्ट झाली. पण आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत आणि त्या अजून बरीच वर्षं पळतील.

मोठ्या आजारापेक्षा किरकोळ आजाराने ड्रायव्हर जास्त फसतो. सर्दी झाली, मेडिकलवाल्याने चार गोळ्या पुडीत बांधून दिल्या. सर्दीच्या बहुतेक स्वस्त गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, खोकल्याच्या बऱ्याच सिरपांतही. सेटिरिझिन त्यापेक्षा सौम्य, तरी काहींना गुंगी आणतेच. ही गुंगी नेहमी जांभईसारखी चाहूल देत येत नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू तीन-चार सेकंद झोपून घेतो. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी जवळपास ९० मीटर पुढे गेलेली असते, तीही वीस-पंचवीस टन माल घेऊन. दुकानदाराला ‘गाडी चालवायची आहे, झोप न येणारी दे’ एवढं सांगितलं तर फेक्सोफेनाडिनसारखी गोळी मिळू शकते. झोप उडवायला म्हणून काही गाड्यांत भुकी (अफूची बोंडं) किंवा तंबाखूचे तोबरे चालतात. त्यांनी झोप मिटत नाही, फक्त कळेनाशी होते. सेव्हलाईफ फाउंडेशन आणि महिंद्रा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रकचालकांच्या पाहणीत रोजचं सरासरी चालवणं १२ तासांच्या आसपास निघालं. थकलेले किंवा पेंगुळलेले असतानाही आपण चालवतो, असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं.

बीपीच्या गोळ्यांची गत वेगळी. त्यांतल्या काही लघवी वाढवतात, आणि माल भरलेली गाडी सोडून दर तासाला उतरणं परवडत नाही. क्लीनर असतो तेव्हा निभतं. आता भाडं परवडत नाही म्हणून बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो, आणि मागे डिझेल नाहीतर ताडपत्री जाण्याची धास्ती. मग तो गोळी बंद करतो आणि पाणीही कमी पितो. पहिल्याने बीपी चढतं, दुसऱ्याने मुतखडा होतो. काही गोळ्या, विशेषतः क्लोनिडिन आणि बीटा-ब्लॉकर गटातल्या, एकाएकी सोडल्या तर बीपी आधीपेक्षाही उसळतं. हेही डॉक्टरांशी बोलून सुटण्यासारखं आहे: गोळीचा प्रकार बदलता येतो, किंवा ती झोपेच्या नाही तर थांब्याच्या वेळेशी जोडता येते. छातीत दाब आला आणि तो डाव्या हातात, जबड्यात उतरला तर तो गॅस समजून सोडा पिऊन पुढे निघू नये. गाडी उभी करून १०८ लावावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक चालतो.

टीबीबद्दल एक गोष्ट ड्रायव्हरला कुणीतरी ठणकावून सांगायला हवी आणि ती सहसा राहून जाते. नेहमीच्या टीबीच्या सहा महिन्यांच्या उपचारात एथँब्युटॉल नावाचं औषध असतं. थोड्या रुग्णांत ते डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं, आणि सुरुवातीला लाल-हिरव्यातला फरक पुसट होऊ शकतो. रात्री समोरच्या गाडीचे मागचे दिवे आणि सिग्नल यांवरच ज्याचं पोट आहे, त्याने या काळात रंग फिके किंवा नजर धूसर वाटली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं. वेळेवर औषध थांबवलं तर नजर बहुधा परत येते. लघवी केशरी होते ती मात्र रिफाम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्त समजून औषध सोडणारे त्यामुळेच असतात. सरकारी टीबी कार्यक्रम हा ड्रायव्हरच्या दृष्टीने बाकी योजनांपेक्षा शहाणा आहे. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या देशव्यापी यादीत असते, त्यामुळे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात वळवता येतात. पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आणि ती थेट खात्यात येते.

हे ज्या प्रमाणात टीबीत जमलं, त्या प्रमाणात शुगर-बीपीत का जमलं नाही? माझ्या मते याचं उत्तर एचआयव्हीच्या इतिहासात आहे. ट्रकड्रायव्हर सार्वजनिक आरोग्याच्या नजरेला पहिल्यांदा पडला तो नव्वदच्या दशकात, एचआयव्ही पसरवणारा म्हणून. हायवेवर कंडोम, ढाब्यावर पोस्टर, ट्रक टर्मिनसवर दवाखाना अशा योजना सुरू झाल्या. २००४ मध्ये बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ या उपक्रमाच्या मदतीने ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या फाउंडेशनने ‘कवच’ प्रकल्प हाती घेतला आणि मालवाहतुकीच्या थांब्यांवर ‘खुशी’ नावाचे दवाखाने उघडले. गाडी भरायच्या-खाली करायच्या रांगेत ड्रायव्हर तासन् तास अडकलेला असतो, तेव्हा दवाखाना त्या रांगेपाशी न्यावा, ही कल्पना अगदी अचूक होती. पण खर्च होत होता तो त्याच्यापासून इतरांना वाचवण्यासाठी. त्याची कंबर, त्याचे डोळे, त्याची शुगर हे मुख्य काम कधीच नव्हतं. साथीची भीती ओसरली तसा पैसा आटला.

कंबरेचं निघालं म्हणून थोडक्यात. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार-पाच हेलकावे बसले की तो सर्वांत जास्त थरथरतो, आणि खराब रस्त्यावरच्या ट्रकच्या सीटची थरथर नेमकी त्याच्या आसपास असते. तास-दोन तास अशी थरथर सोसलेला कणा सैलावलेला असतो. अशा वेळी केबिनमधून उडी मारून लगेच दोर ओढला किंवा ताडपत्री उचलली की ‘मणक्यात गॅप’ पडतो. दोन्ही हातांनी धरून पायरी-पायरीने उतरणं आणि दोराला हात लावायच्या आधी गाडीभोवती पाचेक मिनिटं चालणं, याला पैसे पडत नाहीत.

तेरखेड्याच्याच जिल्ह्याने वैद्यकाला एक मोठी गोष्ट शिकवली आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी गावोगाव नेण्यात आली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते काम केलं. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. घरी सापडणाऱ्या माणसांपर्यंत पोचायचं कसं, हे या भागाला चांगलं माहीत आहे. गुटखा-तंबाखूने तोंडात पांढरा चट्टा आलेला ड्रायव्हर मात्र आरोग्यसेविका दारात येते तेव्हा कोट्याच्या बायपासवर असतो.

पैशाकडे येऊ. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा. त्यात दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, विश्रांतिगृह आणि वैद्यकीय सोय असं बरंच काही होतं. तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदारांना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. वार्षिक मोफत तपासणीची तरतूद या संहितांत आहे, पण वाहतूक व्यवसायासाठी कामगारांची मर्यादा आता दहा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतही दहाचाच आकडा आहे. ती योजना लागू असली तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, टीबीसारख्या दीर्घ आजारात त्याहून जास्त. पण आपल्याकडे एक, दोन, फार तर चार गाड्यांचा मालक असतो. अनेकदा तोच ड्रायव्हर असतो आणि गाडीचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. ट्रिपवर पैसे घेणाऱ्याला आजारपणाची रजा कुणी द्यायची?

आयुष्मान कार्ड असेल तर दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या रुग्णालयात भरती होता येतं, आणि हे ड्रायव्हरने कार्ड पाकिटात ठेवण्यासाठी पुरेसं कारण आहे. पण त्यातून भरतीचा खर्च भागतो, महिन्याच्या गोळ्या नाहीत. मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या विनारोख उपचारांची योजना आली. छातीत कळ आल्यावर भान ठेवून गाडी नीट कडेला लावणाऱ्या ड्रायव्हरला ती लागू होत नाही. तीच गाडी दुभाजकावर चढली असती, तर झाली असती.

या कोंडीवर एक तोडगा आपल्याकडेच करून पाहिला गेला. गुरुग्रामच्या रिव्हिगो कंपनीने २०१४ पासून रिले पद्धत चालवली. एक ड्रायव्हर चार-पाच तास गाडी नेतो, ठरलेल्या ठाण्यावर दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि उलट दिशेची गाडी घेऊन रात्री घरी येतो. सोलापूर ते छत्रपती संभाजीनगर हा पल्ला तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तो अर्धा-अर्धा वाटून घेतला तर तेरखेड्याचा माणूस घरी जेवेल, गोळी वेळेवर घेईल आणि दवाखान्याची तारीखही पाळेल. रिव्हिगोचा पार्सल व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने विकत घेतला. पण रिलेला दोन्ही बाजूंनी वर्षभर सारखा माल लागतो. पार्सलच्या धंद्यात तो मिळू शकतो. मराठवाड्यातला माल मोसमावर चालतो: हिवाळ्यात ऊस, सोयाबीन-तुरीचा हंगाम, दिवाळीआधी फटाके. येताना गाडी रिकामीच, नाहीतर परतीच्या भाड्याची वाट पाहत इंदूरला दोन दिवस उभी. त्या दोन दिवसांचा भत्ता कुणी द्यायचा, हाच जिथे वादाचा विषय आहे, तिथे दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार भाड्यात बसत नाही.